पाचोळ्यावरचा नाच

मी एक म्हातारा कोळी आहे. म्हातारा म्हणजे वर्षभराचा. आमच्यात आयुष्य एवढंच. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, उल्काताईंच्या घरामागे, मेपलच्या पाचोळ्यात मी वाढलो. मी जाळं विणत नाही. मी नाचतो.

मित्रांनो, हसू नका. आमच्या माद्या फार चोखंदळ! आम्हा नरांच्या पुढच्या पायांवर काळ्या केसांचे झुबके असतात. ज्याचे झुबके भरघोस आणि पाचोळ्यावरचा ठेका दमदार, तोच त्यांना पसंत पडतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी असेच नवरे निवडले, म्हणून तर हे झुबके आमच्या वाट्याला आले.

माझं मात्र नशीबच फुटकं. लहानपणी उल्काताईंच्या नैनानं मला बरणीत पकडलं आणि झाकणात माझा पुढचा डावा पाय तुटला. बिचारी रडली, मला लगेच सोडून दिलं. पुढे कात टाकताना पाय पुन्हा आला, पण त्यावर झुबका आला तो जेमतेम. यंदा वसंतात मी जीव तोडून नाचलो. एकीनं पाठ फिरवली, दुसरी तर अंगावरच धावून आली.

मग मेपलखाली ती भेटली. माझा उणा पाय तिला दिसलाच असणार. पण सुकल्या पानांवरचा माझा ठेका तिच्यापर्यंत पोचला आणि ती हळूच माझ्याकडे वळली. आमच्यात होकार असाच देतात. मला आनंदानं काही सुचेना.

तेवढ्यात नागपूरहून आणलेला खराटा अंगणात फिरू लागला.

"उद्या दादाची ग्रॅज्युएशन पार्टी आहे, लोक काय म्हणतील?" उल्काताई म्हणाल्या. "नैना, सगळी पानं बॅगेत भर."

"बट मॉम, त्यात स्पायडर्स राहतात!"

"म्हणून तर क्लीन करायचंय, बेटा!"

माझी सखी पानांबरोबर पिशवीत गेली. मी सिमेंटवर उरलो. तिथे कितीही पाय आपटले तरी ठेका पुढे जात नाही. पार्टी झाली, सगळ्यांनी अंगणाचं कौतुक केलं, आणि सोमवारी ट्रक पिशव्या घेऊन गेला.

नैनानं मूठभर पानं गुपचूप कुंपणापाशी ठेवली होती. मी आता तिथेच असतो. त्यातल्या एका पानावर माझ्या सखीनं चालताना मागे सोडलेला रेशमी धागा चिकटलेला आहे.

मित्रांनो, अंगण जरूर झाडा, पण एक कोपरा पाचोळ्याचा राहू द्या. तुमच्या लेखी तो कचरा, पण आमची लग्नं त्याच्यावरच लागतात.

माझे पाय थकलेत. तरी त्या धाग्याला पाय लागला की मी नाचू लागतो, आणि ती वळेल म्हणून थांबतो.