चादरीखालची दोन वर्षं

मित्रांनो, कुणाच्या घरी जावं, तिथल्या थोरल्या बाईकडे धड बघूही नये, आणि वर तिच्याच नावानं वाईट शेरा लिहायला पेन काढावं, ही कुठली रीत? वीज कचेरीचे साहेब माझ्याशी असंच वागले.

मी सोलरची जुनी प्लेट. एका इस्त्रीवाल्या बाईंच्या गच्चीवर आम्ही चौघी बहिणी राहतो, त्यात थोरली मी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण ऊन वाचता येतं, आणि माझ्या कामाला तेवढं शिक्षण पुरतं.

मूळची मी वाळू. भट्टीत वितळले, काच झाले, पोटात निळ्या चकत्या घेतल्या आणि चंदेरी चौकट लेवून कारखान्याबाहेर पडले. पहिल्यांदा अंगावर ऊन आलं, तेव्हा आत कुणीतरी हलकेच गुणगुणायला लागलं. तीच वीज.

बाईंनी आम्हाला आणलं ते सुनेसाठी. सून दिवसभर कोळशाच्या इस्त्रीवर वाकलेली असे. दोन शर्ट झाले की खोकल्याची उबळ. डॉक्टर म्हणाले, कोळसा बंद करा. विजेच्या इस्त्रीचं बिल झेपेना, म्हणून आम्ही आलो.

वीज कचेरीत अर्ज गेला. उत्तर आलं, 'मंजुरी मिळेपर्यंत प्लेटा झाकून ठेवाव्यात.' बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी फुलाफुलांच्या जुन्या चादरी जोडून आमच्यावर पांघरल्या, कडेनं विटा ठेवल्या.

मग दोन वर्षं मी अर्धवट झोपेत होते. ऊन फुलांतून गाळून यायचं, कधी गुलाबी, कधी जांभळं. वाटायचं, मी पुन्हा नदीतळाची वाळू झालेय आणि वरून पाणी वाहतंय. मग खालून खोकला ऐकू यायचा, आणि नदी आटायची.

कचेरीत कधी म्हणायचे, बिल बाईंच्या सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांची सही आणा. सासरे जाऊन दहा वर्षं झालेली! कधी गच्चीचा नकाशा हवा. नकाशा दिला, तर सोलरचा वेगळा मीटर शिल्लक नाही. मीटर आला, तर साहेबांची बदली.

शेवटी एका दुपारी नवे साहेब तपासणीला आले.

"चादर काढू का, साहेब?" बाईंनी विचारलं.

"मंजुरीशिवाय नाही काढता येणार, मावशी." त्यांनी तारा यंत्राला जोडल्या. काटा जेमतेम थरथरला. "वीज येत नाही. नापास लिहावं लागेल."

"अहो, झाकलंय ना! डोळे तुम्हीच बांधायचे आणि वर आंधळी म्हणायचं?"

"नियम काय मी केलाय?"

जिन्यात उभ्या सुनेला हसू आलं. हसता हसता तिला खोकला सुरू झाला, आणि तो थांबेना. कठडा धरून ती खाली बसली. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पायानं विटा उडवल्या आणि चादर ओढून काढली.

"मावशी, हे नियमात बसत नाही!"

"मग नियमाला म्हणावं, जरा सरकून बस. माझ्या सुनेला जागा दे."

माझ्यावर ऊन कोसळलं. काय सांगू मित्रांनो, चौघी एकदम जाग्या झालो. काटा थेट टोकाला गेला. साहेब काट्याकडे बघत राहिले, मग सुनेकडे. अखेर त्यांनी लिहिलं, 'वीज चांगली येते', आणि खाली सही केली. म्हणाले, "उद्या मीटर बसेल. कोळसा फेकून द्या."

तुमच्या ओळखीत कुणी अशी झाकून ठेवलेली असेल, तर तिच्यासाठी कचेरीत चार खेटे घाला. आम्हाला स्वतःला चालता येत नाही.

साहेब जिना उतरायला लागले, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"अरे बाबा, दिसलं ते खरं लिहिलंस, म्हणून तुला माफ केलं. तुझ्या कचेरीला माफी नाही. ती पोर दोन वर्षं धूर गिळत होती आणि मी धडधाकट असून झोपून होते. पुढच्या घरी जाशील, तेव्हा आधी तिथं कोण खोकतंय ते ऐक. कागद मग काढ."