वरची माती

माझी धाकटी जाऊ शाळेत खेळ शिकवते आणि माझी सात वर्षांची लेक तिच्यावर जीव टाकते. आधीच सांगून टाकते, मला ते पाहवत नाही. जेवताना "काकू म्हणाली", झोपताना "काकू म्हणाली". शाळा सुटल्यावर ही तासभर काकूच्या मागे मैदानात हुंदडणार आणि मातीत माखून घरी येणार. मी विचारलं, "आज काय केलंस गं?" तर म्हणे, "काही नाही." काकूला मात्र सगळं अथपासून इतिपर्यंत ऐकवायचं.

मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. पंधरा वर्षं शेतांचीच माती पाहिली. गेल्या वर्षी शाळेने मैदान नवं केलं तेव्हा जाऊ म्हणाली, "ताई, शेजारी पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे म्हणे. मातीत शिसं-बिसं नाही ना, बघता का?" मी पाहिलं आणि नाही म्हणून लिहून दिलं. तो कागद मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला, कौतुक मात्र तिचं झालं. मला कुणी साधा चहासुद्धा विचारला नाही.

या महिन्यात लेकीने निबंध लिहिला, माझी आवडती व्यक्ती. कोण ते सांगायला नको. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी खुरपं आणि पिशवी घेऊन मी मैदानावर गेले. जाऊच्या लाडक्या मैदानात काहीतरी खोट काढायचीच, एवढंच डोक्यात होतं. म्हणून घसरगुंडीखालची, पोरं लोळतात तिथलीच धूळ खरवडून घेतली.

वाळवली, चाळली, यंत्रावर लावली. शिसं मर्यादेच्या चौपट.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. आता मैदान बंद, लेक घरी आणि बाईसाहेबांची ऐट खलास. मग गेल्या वर्षीचं आठवलं. तेव्हा मी शेतातल्यासारखी माती घेतली होती, वरचा थर बाजूला सारून, वीतभर खोल खड्ड्यातली. पिकांची मुळं खाली असतात म्हणून आम्ही तशीच घेतो. पोरं खेळतात वरच्या मातीत, शिसंही तिथेच साचतं, आणि मी नेमकी तीच फेकून दिली होती. माझ्या कागदाच्या भरवशावर दीडशे पोरं वर्षभर त्यात लोळली. माझी लेक सगळ्यांत जास्त.

अहवाल फाडला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. संध्याकाळी तो जाऊसमोर ठेवला. "चूक माझी आहे," म्हणाले आणि सगळं सांगितलं.

तिने दोनदा वाचलं. "पण ताई, तुम्ही परत तपासलंत कशासाठी?"

"तुझ्यावर जळत होते म्हणून."

"बरं झालं जळलात," ती म्हणाली आणि मुख्याध्यापकांना फोन लावला. चार शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं. तेवढंही तिने केलं नाही.

सगळ्या मुलांचं रक्त तपासायचं ठरलं. दवाखान्यात लेकीला मी मांडीवर घेऊन बसले. सुई दिसताच तिने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात पुढे केले, दाराशी उभ्या काकूकडे. मी उठले आणि जाऊला माझ्या जागी बसवलं.