मैदानाजवळची कॉट

“मग आमी काय मेलो का गं?”

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आक्काचं हे वाक्य मी ऐकलं, आत्याबाईंनी ऐकलं आणि टेम्पोची चावी हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने, अंगदनेही ऐकलं. आक्का म्हणजे माझी नणंद मनकर्णा. पुण्याला वाघोलीत राहते. फोन मी लावला नव्हता, आत्याबाईंनी लावला होता. सून पुण्याला पळायला निघालीय आणि रात्री कुठल्याशा पोरीच्या खोलीवर झोपणार आहे, ही बातमी लेकीच्या कानावर घातल्याशिवाय माझ्या सासूच्या घशाखाली चहा उतरत नव्हता.

“सख्ख्या नंदंचं घर सोडून परक्याच्या कॉटवर झोपायचं? लोक तोंडात शेन घालतील माझ्या,” आक्का म्हणाली. “शेजारनी इचारतील न्हाई का, भावजय आली ती उतरली कुठं म्हून?”

“आक्का, अंधारातच पळायला सुरू करायचंय. तुमचं घर मैदानापासून लई लांब पडतं.”

“लांब कसलं? ह्यांनी गाडी घेतलीय की आता. घरातनं उचलतील आन् थेट मैदानात सोडतील. उगा काय बाई तुझं.”

मी अंगदकडे पाहिलं. त्याने चावीकडे पाहिलं. “जाऊ दे ना,” तो म्हणाला, “एका रातीचा तर प्रश्न हाय.”

हो, एका रात्रीचाच प्रश्न होता! तेच तर मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. मला पदक नको होतं, बक्षीस नको होतं, पेपरात फोटोही नको होता. मला मैदानाजवळ एक रात्र नीट झोप हवी होती. का हवी होती ते सांगते, म्हणजे उगाच चोचले वाटायचे नाहीत.

लग्नाआधी मी पोलीस भरतीला गेले होते. शहराचं नाव घेत नाही, घेतलं की तोंड कडू होतं. शाळेपासून मला पळण्यात कुणी मागे टाकलेलं नव्हतं. पण भरतीच्या आदल्या रात्री आम्ही पोरी मैदानाच्या भिंतीबाहेर फूटपाथवर झोपलो. झोपलो म्हणायचं आपलं. डास, ट्रकचे दिवे, आणि येणारा-जाणारा वाकून बघायचा. मी पिशवी उराशी धरून बसून राहिले आणि सकाळी पळताना पाय उचलेचनात. थोडक्यात गेलं. वडील म्हणाले, दैव. दैव कसलं डोंबलाचं, झोप नव्हती!

मग नर्सिंग केलं, लग्न झालं, शेवगावजवळच्या उपकेंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून लागले. लसी टोचायच्या, गरोदर बायकांची वजनं करायची, मीटिंगला जाऊन बोलणी खायची. पळणं सुटलं नाही. उजाडायच्या आत पैठण रोडला जायचे. सुरुवातीला लोक गाडी थांबवून विचारायचे, “बाई, काय झालं? कुनी मागं लागलंय का?” नंतर त्यांना सवय झाली. आत्याबाईंना कधी झाली नाही. त्यांच्या मते बाईमाणसाने पळायचं ते फक्त दूध उतू जायला लागल्यावर.

पुण्याच्या मोठ्या मॅरेथॉनला नाव घातलं तेव्हाच ठरवलं, पोट भरेल न भरेल, पण झोप मैदानाजवळच घ्यायची. किती फोन केले! एका लॉजवाल्याने विचारलं, “मिस्टर सोबत आहेत ना?” नाहीत म्हटल्यावर, “एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही.” दुसऱ्याने त्या दिवसाचा भाव असा सांगितला, की मला वाटलं खोली विकतोय. एका धर्मशाळेत समाजाच्या अध्यक्षांची चिठ्ठी मागितली, आणि तो समाजही आमचा नव्हता. शेवटी राजनंदिनी आठवली. आमच्या गावातल्या गुरुजींची मुलगी, पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती म्हणाली, “ताई, माझी पार्टनर गावाला गेलीय. तिची कॉट रिकामी आहे. इथून मैदान चालत दहा मिनिटं.” मी उपकेंद्राच्या मागे जाऊन दोन उड्या मारल्या. खरंच मारल्या.

आणि ते सगळं “जाऊ दे ना”मध्ये गेलं.

शनिवारी एस.टी.ने पुण्याला आले. छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशीच घ्यावा लागतो. राजनंदिनी बरोबर आली होती. नंबर घेतला आणि तिने हट्टाने खोली दाखवायला नेली. लहानशी खोली, चार कॉट, पुस्तकांचे ढीग. तिने त्या रिकाम्या कॉटवर धुतलेली चादर घालून ठेवली होती.

“राहा ना ताई,” ती म्हणाली. “सांगा त्यांना, उशीर झाला म्हणून.”

मी कॉटवर बसले. खिडकीतून मैदानाचे दिव्यांचे खांब दिसत होते. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. आक्काचे मालक, कल्याणदाजी, गाडी घेऊन आले होते. गाडी जुनीच, पण त्यांनी घेऊन पंधरवडाही झाला नव्हता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

वाटेत मी त्यांना मोबाईलवर मेसेज दाखवला. पहाटेपासून शहरातले कोणकोणते रस्ते बंद राहणार, ते सगळं त्यात लिहिलं होतं.

“हॅ!” दाजी म्हणाले. “ते लोकांसाठी. तितल्या चौकातला हवालदार आपल्या पाथर्डीचा हाय. आपली वळख हाय.”

“दाजी, दुसराच कुनी असला तर?”

“तुमी बिनघोर ऱ्हावा, वहिनी.”

आक्काच्या घरात पाऊल टाकलं आणि माझ्या लक्षात आलं, की इथे झोप होणार नाही. आक्का वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मेली वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने मटण केलं होतं, माझ्यासाठी साडी आणली होती, आणि सोसायटीतल्या यच्चयावत नगरकर बायकांना बोलावलं होतं. बारा वर्षं ती त्या घरात राहते. माहेरचं कुणी कधी मुक्कामाला आलं नाही. आत्याबाईंना पुण्याचं पाणी बाधतं आणि अंगदला टेम्पो सोडवत नाही. त्यामुळे मी म्हणजे तिच्या माहेरचं आलेलं पहिलं माणूस. ती मला दाराशी धरून एकेकीला दाखवत होती.

“ही माझी भावजय. उद्या पळनार हाय, बेचाळीस किलोमीटर!”

“अय्या! मग तब्येतीनं तर काटकुळीच हाय की.”

“भाकरी बघा हिच्या हातची. सुकन्या, टाक गं चार भाकरी. तुझ्या हातची चव न्हाई कुनाला.”

चार म्हणता म्हणता किती झाल्या कुणास ठाऊक. नणंद सांगते आणि भावजय नाही म्हणते, असं आमच्याकडे होत नाही. मी परातीपुढे उभी राहून थापत होते, पायात गोळे येत होते, आणि बाहेर हॉलमध्ये माझंच कौतुक चाललं होतं. पाहुणे उठले, भांडी झाली, हॉलमध्ये गादी पडली. दाजींना बातम्या बघितल्याशिवाय झोप येत नाही. टीव्ही माझ्या उशाशीच होता. मी तोंडावर पदर घेऊन पडले आणि राजनंदिनीच्या खिडकीतले ते खांब आठवत राहिले. संताप संताप झाला होता. पण कुणावर काढणार?

अंधारातच उठून बूट घातले आणि दाराशी गेले, तर आक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी.

“थांब, झुंबरबाईंना येऊ दे.”

झुंबरबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सवाष्ण, मूळच्या पाथर्डीच्या. मोठ्या कामाला निघालेल्याला त्यांनी आधी ओवाळायचं, अशी त्या जिन्यातली पद्धत. पोरांच्या परीक्षेला त्याच ओवाळतात, नव्या गाडीलाही त्यांनीच ओवाळलं होतं.

“आक्का, उशीर होतोय.”

“अगं, अंघोळ करत्यात त्या. पारोशानं ओवाळायचं का?”

“आक्का, पाया पडते, जाऊ द्या मला!”

“असं निघताना कुरकुरू नये बाई. पाच मिंटं.”

झुंबरबाई आल्या. सावकाश जिना चढून आल्या, दम खाल्ला, कुंकू लावलं, ओवाळलं, साखर हातावर ठेवली. आक्काने फोटो काढला. फोटो हलला म्हणून परत काढला. मी हसले नाही, तर म्हणाली, “हास की गं जरा.”

बंडगार्डनच्या पुलाजवळ बॅरिकेड आडवं होतं. दाजींनी काच खाली करून ओळखीच्या हवालदाराचं नाव सांगितलं. तिथे उभा असलेला पोलीस तरुण होता आणि ते नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. “साहेब, गाडी मागं घ्या,” तो शांतपणे म्हणाला. दाजी उतरले, गाव सांगितलं, तालुका सांगितला, मग आवाज चढवला. मी दार उघडलं आणि पळत सुटले.

त्या दिवशी मी जशी पळाले, तशी आयुष्यात कधी पळाले नव्हते. स्टेशन गेलं, कॅम्प गेला. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं. रस्त्यात टाळ्या वाजवायला उभी असलेली पोरं ओरडली, “मॅडम, उलट्या दिशेनं चाललाय तुम्ही!” मी त्यांना शिवी दिली. बेचाळीस किलोमीटरसाठी जपून ठेवलेला दम मी मैदानापर्यंत पोचण्यात घालवला.

मैदानाशी पोचले तेव्हा आमची तुकडी कधीच गेली होती. कमानीखाली आता छोट्या शर्यतीची माणसं गोळा होत होती, हसत होती, सेल्फी काढत होती. तिथल्या मुलीने माझ्या छातीवरचा नंबर पाहिला.

“मॅडम, फुल मॅरेथॉनची वेळ संपली. आता नाही सोडता येणार.”

“मग ह्यांच्यात सोड. मागं ऱ्हाते मी.”

“तुमचा नंबर वेगळा आहे ना. सॉरी मॅडम.”

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने मला पाण्याची बाटलीसुद्धा दिली. मी कठड्याशी बसले आणि तेवढ्यात समोर राजनंदिनी आली. वेणी न घालता, पायात स्लीपर घालून, झोपेतून उठून चालत आली होती माझ्यासाठी टाळ्या वाजवायला.

“ताई, तुम्ही इथं कशा? मी तिकडं वळणावर तुम्हाला शोधत होते.”

तेव्हा मला रडू फुटलं. भर रस्त्यात, हजार माणसांत, मोठ्याने रडले. ती नुसती शेजारी बसून राहिली, कमान उतरवायला माणसं येईपर्यंत.

रस्ते मोकळे झाल्यावर दाजी न्यायला आले. रस्ताभर ते बॅरिकेडवरच्या पोलिसाला नावं ठेवत होते. मी पोचले का, पळाले का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत असावी.

घरी आक्काने घंगाळात गरम पाणी काढून ठेवलं होतं, त्यात मीठ टाकलं होतं. मला सोफ्यावर बसवलं.

“आक्का,” मी म्हणाले, “मी पळाले न्हाई. मी जाईपर्यंत समदे निघून गेल्ते. मला आत घेतलं न्हाई.”

तिने दाजींकडे पाहिलं. दाजी बूट काढायच्या निमित्ताने खाली वाकले ते वर आलेच नाहीत. आक्काचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. निदान त्या ओवाळणीचं तरी नाव काढेल.

जिन्यात बायकांचे आवाज आले.

“सुकन्या,” ती हळूच म्हणाली, “त्यांच्याम्होरं काय बोलू नको बाई. मी सोसायटीभर सांगून बसलेय. शाल आनलीय त्यांनी तुला.”

आणि ती खाली बसली. माझे मोजे तिने स्वतः काढले आणि माझे पाय उचलून पाण्यात ठेवले. आमच्यात भावजयीने नणंदेच्या पाया पडायचं असतं. नणंदेने भावजयीच्या पायाला हात लावला, असं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. एरवी मी जीभ चावून पाय वर घेतले असते. आक्का खाली मान घालून माझ्या घोट्यांवर पाणी सोडत होती, आणि मान काही वर करत नव्हती.

बायका आत आल्या. झुंबरबाई पुढे होत्या, हातात शाल. नणंदेचे हात भावजयीच्या पायाला बघून त्या दारातच थांबल्या.

“बघा, कशी नशिबाची हाय,” त्या म्हणाल्या. “काय गं पोरी, लई लांब हुतं का?”

“व्हय,” मी म्हणाले, “लई लांब हुतं.”

आणि दुसरा पायही आक्काच्या हातात दिला.