महाराजांनी वाढवलेले नऊ

प्राण मोजता येत नाही, असं आपले सगळे ग्रंथ सांगतात. शेंदूरजनाघाटच्या प्राणनाथ महाराजांनी तो भर सभेत मोजून दाखवला. त्यासाठी त्यांना तपश्चर्या करावी लागली नाही. औषधाच्या दुकानातून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणला, की झालं.

दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी महिना. अमरावती जिल्ह्यात कोरोना पुन्हा उसळला होता. शाळा बंद, बाजार बंद, लग्नाला मोजकी माणसं. त्यामुळे उरलेली सगळी माणसं महाराजांकडे जात. गावाबाहेर संत्रा प्रतवारीची एक पत्र्याची शेड होती, तिच्यात पहाटेपासून रांग लागायची. बहुतेक म्हातारी माणसं. घरात खोकून खोकून कंटाळलेली, मफलर गुंडाळलेली, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आलेली. शेडच्या भिंतीवर ‘एकमेकांत अंतर ठेवा’ असं रंगवलं होतं. माणसं त्या अक्षरांना पाठ टेकून, एकमेकांना खेटून बसत.

महाराज खुर्चीत. पुढ्यात तांब्याचं घंगाळ, बाजूला धुनी, आणि चिमटा सांभाळायला किशोर नावाचा शिष्य.

“ऑक्सिजन ऑक्सिजन म्हनते दुनिया,” महाराज सुरू व्हायचे. “अरे, ऑक्सिजनची सुरुवात कोन्या अक्षरापासून होते? ओ! अन् ओंकाराची? ओ! सायन्स आता शोधून राहिलं, आपल्या ऋषीइले पैलेच मालूम होतं!”

रांग मान डोलवायची. ऑर्डर आणि ओव्हरसियर हे शब्दही त्याच अक्षरापासून सुरू होतात, हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

मग भक्तानं उजवा हात घंगाळात बुडवायचा. पाणी हिमालयातलं, म्हणून अंगावर काटा येईल इतकं गार. हा हिमालय वरुडच्या बर्फाच्या कारखान्यातून रोज गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं येत असे. महाराजांचा लांबलचक मंत्र संपेपर्यंत हात पाण्यातच. मग पुसून किशोर चिमटा लावायचा आणि ओरडायचा, “ब्याऐंशी!” बाया तोंडाला पदर लावत. महाराज धुनीतला कोमट अंगारा घेऊन तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरत, खसाखसा चोळत, फुंकर घालत. पुन्हा चिमटा. “सत्त्याण्णव!” पत्रे दणाणून जातील असा जयजयकार. म्हातारा उभा राहायचा, आणि खरंच त्याला बरं वाटायचं. इतक्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर कुणालाही वाटेल.

या गावात माझी मावशी राहते, लीलाबाई. तिचे यजमान खुशालराव, संत्र्याचा बगीचा राखलेला, सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. दोघांनाही एकाच वेळी ताप आला. मुलगा शिवम पुण्याला. डॉक्टर माधवी म्हणून गावात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी गोळ्या दिल्या, पालथं झोपायला सांगितलं आणि बोटाचा चिमटा दिला. मावशीनं आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग बोटाला लावला.

दोघं दोन खोल्यांत. शेजारची चंदा डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून हाक मारायची आणि पळायची. सकाळी उठल्यावर मावशी मधल्या भिंतीवर थाप मारे.

“जित्ते आहात काय?”

“हाओ. तू?”

“मी बोलून राहिली न!”

एवढं झालं की दिवस सुरू.

मावशी हळूहळू उठली. घरच्या घरी बरं होणं ही काही जयजयकार करण्यासारखी गोष्ट नसते. कणीक तिंबताना दम लागायचा म्हणून ती मध्येच परात सोडून बसायची. केस विंचरले की फणीत गोळा यायचा. बगीच्यातलं संत्रं सोलून खाल्लं तर ओल्या कागदासारखं लागलं. ती फोनवर मला म्हणाली, “जन्म या संत्र्यात गेला बाप्पा, अन् आता मले त्याचा वासच येऊन नाई राहिला.” पण ती बरी होत होती. तसं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

खुशालराव मात्र मागे राहिले. ताप गेला, खोकला कमी झाला, आणि चिमट्यावरचा आकडा उतरत अठ्ठ्याऐंशीवर आला.

“काकाजी, आजच अमरावतीले निघा,” डॉक्टर माधवी खिडकीतून म्हणाल्या. “आज खाटा आहेत. उद्याचं मी सांगू नाई शकत.”

“मले दम नाई लागून राहिला, काई नाई. काहून जाऊ?”

“हाच तर चोरटेपणा आहे या रोगाचा. आतून ऑक्सिजन उतरते, अन् मानसाले पत्ता नाई लागत.”

खुशालराव खाटेवर पाठ टेकून बसले. मग म्हणाले, “पुंजाजी पायानं चालत गाडीत बसला होता, पोरी. अन् त्याच्या बायकोले, इंदूबाईले, काय दाखवलं? थैली. तोंडबी नाई दाखवलं.”

पुंजाजी त्यांचा बालमित्र. आदल्या वर्षी अमरावतीला दवाखान्यात गेला आणि परतला नाही. खुशालरावांना मरणाची भीती फारशी नव्हती. आपलं तोंड कुणी न बघता जाळतील याची होती. या भीतीवर डॉक्टरांकडे गोळी नव्हती. महाराजांकडे घंगाळ होतं.

दुसऱ्या सकाळी ते शेडमध्ये गेले. हात हिमालयात बुडाला. मंत्र झाला.

“एकोणऐंशी!” किशोर ओरडला.

अंगारा. चोळणं. फुंकर.

“अठ्ठ्याऐंशी!”

“नऊ!” महाराज उभे राहिले. “एका हातात नऊ चढवले! बुढा जुनाट आहे, उरलेले परवा चढवतो. तवरिक दवाखान्याचं नाव काढाचं नाई. तिथं नळी लावते अन् प्रान उलटा खेचते!”

घरी येऊन त्यांनी शिवमला फोन केला, मग मला. मी म्हणालो, “अहो, डॉक्टरांनी मोजलं तेव्हाही अठ्ठ्याऐंशीच होतं.” त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. डॉक्टरांचं अठ्ठ्याऐंशी उतरणीचं होतं, महाराजांचं चढणीचं. इतका आनंदी आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता.

परवाच्या दिवशी त्यांना ऑटोत दोघांनी धरून बसवावं लागलं. ओठ काळसर दिसत होते. मावशी मागे राहिली. रात्रीची भांडी बाहेरच्या नळावर घासली. सातपुड्याच्या पायथ्याला माघात पहाटेचं पाणी बोटं बधिर करतं. हात पुसून तिनं सवयीप्रमाणे चिमटा लावला. त्र्याऐंशी.

तिनं घाबरून डॉक्टरांना फोन केला. “माधवीबाई, माहाबी आकडा पडला वं!”

“दम लागते काय काकू? आता काय करत होत्या?”

“नाई लागत. भांडे घासले थंड्या पान्यानं.”

“मग हात चुलीपाशी धरा, गरम होऊ द्या, अन् पुन्हा लावा. तो चिमटा बोटातल्या रक्तातून उजेड पाठवते. बोट गार झालं की तिथलं रक्त आटते, अन् यंत्र चुकते.”

मावशीनं हात शेकला. सत्त्याण्णव.

ती चुलीसमोर तशीच बसून राहिली. मग चिमटा कमरेला खोचून, चालवत नव्हतं तरी, अधूनमधून ओट्यांवर बसत, शेडपर्यंत गेली.

खुशालरावांचा हात घंगाळातच होता.

“महाराज,” ती म्हणाली, “आधी ह्या किशोरचा हात टाका पान्यात.”

“माय, तो निरोगी आहे. त्याले काहून?”

“म्हनूनच.”

रांगेतला एक जण हसला. “टाक न रे किशोर! हिमालयाच्या पान्याले भेतो काय?”

किशोरनं महाराजांकडे पाहिलं. महाराज धुनीकडे पाहत होते. भक्तांनीच त्याचा हात धरून बुडवला आणि मंत्र जितका लांब तितका वेळ ठेवला. मावशीनं आपला चिमटा लावला. पंचाऐंशी. मग तिनं त्याचा हात आपल्या पदरात गुंडाळून नुसता चोळला. अंगारा नाही, मंत्र नाही. आकडा चढत गेला आणि अठ्ठ्याण्णववर थांबला.

रांगेतली माणसं आकडा वाचायला पुढे वाकली.

“नऊ या महाराजानंच काढले,” मावशी नवऱ्याला म्हणाली, “अन् यानंच परत टाकले. तुमचा स्वतःचा तर एकबी वाढला नाई. चाला.”

“श्रद्धा नसली की यंत्र असंच दाखवते,” महाराज धुनीत लाकूड सारत म्हणाले.

खुशालरावांनी हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडली होती. बायकोकडे बघून ते एवढंच म्हणाले, “तोंड दाखवतीन न तुले?”

“हाओ,” मावशी म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

मी दिवसभर अमरावतीतल्या दवाखान्यांना फोन लावत होतो. जिथे तीन दिवसांपूर्वी खाटा होत्या, तिथे आता नव्हत्या. गाडी आधी एका दारात थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. संध्याकाळी खाट मिळाली, नळी लागली. फुप्फुसं तोवर फार गेली होती. त्याच आठवड्यात ते वारले. शिवम आणि मी स्मशानात लांब उभे होतो. मावशीला गावाहून येऊ दिलं नाही, म्हणून तिनं तोंड पाहिलं नाही.

गावात नंतर अशीही चर्चा झाली, की बाईनं भरल्या सभेत शंका घेतली म्हणून बुढा गेला. चढत होते बिचाऱ्याचे नऊ-नऊ करून. रांग थोडी आटली, संपली नाही. मावशीला हे कुणी ऐकवलं तर ती वाद घालत नाही. चिमटा काढते, समोरच्याचा हात नळाखाली धरते, मग शेकते, आणि दोन्ही वेळा आकडा वाचायला लावते. काही जण वाचतात.

म्हणून सांगतो. बोट आधी शेका, मगच मोजा. तरीही आकडा खाली असेल तर तो चढवून देणारा माणूस शोधू नका. आकडा म्हणजे निरोप आहे. निरोप्याचे हात चोळून बातमी बदलत नाही. गाडी काढा. ज्याला जायची भीती वाटते त्याच्याजवळ बसा, त्याला हसू नका, पण गाडी काढा.

मार्चमध्ये महाराजांना स्वतःला खोकला सुरू झाला. किशोरनं चिमटा लावला, हात न भिजवता. नव्वद आलं. महाराज तासाभरात अमरावतीला भरती झाले, नळीनं ऑक्सिजन घेतला आणि बरे होऊन घरी आले.