लोणच्याच्या बरणीतली गाठ

त्या मंगळवारी नेऱ्यात बहिरूबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. साल दोन हजार आठ. हिंजवडीच्या कंपन्यांतली शिकली-सवरलेली माणसंही गळ्यात ओळखपत्रं लटकवून हात जोडून उभी होती. पाटावर बसली होती माझी धाकटी लेक, सुलक्षणा. येत्या सोमवारी पुण्यात तिच्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं.

"हिची मावळण हिला धरतीया!" बाबा घुमला. "थोरलीला नेली, आता हिच्यावर डोळा हाय. व्हय का न्हाई, चंद्राबाई?"

"व्हय, बाबा."

खोटं कुठं होतं? लेकींची मावळण, म्हणजे आत्या, माझी नणंद, छातीच्या कॅन्सरनं गेली. थोरली हेमलताही त्यानंच गेली, चौतिसाव्या वर्षी. सुलक्षणाला बत्तिसावं लागलं होतं.

बाबानं कुंकवाचं पाणी शिंपडलं. स्वतःच्या पिशवीतला कापूस घेऊन छातीवर दाबला आणि ओरडला. कापसातून लालभडक तुकडा निघाला.

"निघाली गाठ! ह्यो तुकडा मुळा नदीत सोड. आन् सव्वा महिना फोटोच्या मशीनम्होरं जायचं न्हाई. मशीन गेलेली गाठ माघारी बोलवतंय."

"मशीनला तोंड हाय व्हय?" मागून आमच्या शेजारचा गेणबा म्हणाला. लोकांनी त्याला गप्प बसवलं. मीही.

तुकडा मी नदीत सोडला नाही. शंका आली म्हणून नव्हे. हेमलताच्या वेळी काढलेली गाठ बाटलीत घालून मीच लॅबात नेली होती, रिक्षात मांडीवर धरून. अंगातून काढलेलं तपासायला न्यायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. लोणच्याची बरणी घासली, तुकडा घातला, वर चिठ्ठी चिकटवली. पन्नाशीत प्रौढ वर्गात अक्षरं शिकले होते. लेकीचं नाव माझ्या हातानं लिहिलं.

सकाळी पुण्याला जाऊन बरणी सुलक्षणाच्या डॉक्टर मेधांच्या टेबलावर ठेवली. "गाठ निघाली. ऑपरेशन नको."

त्या रागावल्या नाहीत. बरणी लॅबात पाठवली आणि मला शनिवारी बोलावलं.

"चंद्राबाई, लॅबनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ही कोंबडीची कलेजी आहे. बाबानं कापसात लपवली होती."

"मग गाठ?"

"होती तिथंच." त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. मसुराच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. "साध्या फोटोत ती दिसलीच नव्हती, इथं दिसली. सुईनं तुकडा काढून कॅन्सरची खात्रीही केली. पण हाताला ती आधी लागत नव्हती आणि आताही लागत नाही. अशी गाठ काढली म्हणायला बाबाचं काय जातं?"

"आन् मावळण?"

त्यांनी कागदावर आमच्या घरातल्या माणसांचे गोल-चौकोन काढले. "नणंद आणि तुमचे मालक एका आईबापाची लेकरं. रक्तातला दोष दोघांकडे आला. मालकांना काही झालं नाही, पण त्यांच्याकडून तो लेकींत उतरला. म्हणून तर हेमलतानंतर आपण सुलक्षणाचं रक्त तपासलं, दरवर्षी फोटो काढले. गाठ एवढीशी असताना सापडली. हेमलताची लिंबाएवढी होती."

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी माझ्या हातांकडे बघत बसले. हजारभर कोंबड्या साफ केल्या असतील या हातांनी. कुंकवात भिजलेली कलेजी ओळखली नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. त्याला दोन वर्षं झाली. सुलक्षणा भात लावायला माझ्या पुढं असते.

बायांनो, तुमच्या अंगातून काही काढलं असं कुणी म्हणालं, तर ते नदीत सोडू नका. बरणीत घाला, वर नाव लिहा आणि तपासायला न्या.