हिरवं टोपण

बंकटने डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून हिरवं टोपण काढलं आणि गाडीच्या किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबली. फुस्स झालं. आवाज दमदार वाटेपर्यंत त्याने किल्ली दाबून धरली, मग टोपण फिरवून बसवलं.

"हवा हाय," तो म्हणाला.

मागच्या सीटवरून ऋतुजा बघत होती. तिच्या सासरहून, केजहून निघाल्यापासून हे तिसऱ्यांदा. लेकीला सातवा महिना, पहिलं बाळंतपण, तिला तेलगावला माहेरी आणायचं, म्हणून बंकट आठ दिवस आधीच बीडला जाऊन चारही चाकांत नायट्रोजन भरून, त्याची खूण म्हणून हिरवी टोपणं बसवून आला होता. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याची ही तपासणी चालली होती. बाकीच्या चाकांकडे तो क्वचित वळे. सगळा जीव या एका चाकात अडकलेला.

गेल्या मे महिन्यात धारूरच्या घाटात हेच चाक फुटलं. गाडी कठड्यावर आदळली आणि शेजारी बसलेली सुरेखा, ऋतुजाची आई, जागीच गेली. साधी हवा उन्हानं फुगते, त्यानं टायर फुटतो, असं दहाव्याला कुणीतरी बोललं आणि बंकटने ते घट्ट धरून ठेवलं. आताही मे महिनाच होता आणि घाट पुढ्यातच होता. बंकट घाबरला होता. लेकीला त्याने पुढे बसूच दिलं नव्हतं.

धारूरबाहेर पंक्चरच्या दुकानापुढे ऋतुजाने पाणी मागितलं. दुकान चालवणारी मंगल तांब्या घेऊन आली. ऋतुजा पीत होती तोवर मंगलची नजर चाकावर गेली.

"दादा, पुढचं चाक बसलंय."

"कसं बसंल? नायट्रोजन हाय त्यात. ती हवा लवकर उतरत न्हाई."

"मोजून बघते की."

तिने हवा मोजायचा गेज लावला. "अठरा. तीस पायजे." मग बाकीची चाकं मोजली. तिन्ही ठीक होती. व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. तेवढ्यात बंकटच्या मुठीतली किल्ली तिला दिसली.

"तुमी पिन दाबताय का?"

"हवा हाय का बघायला."

"दिसातून किती बार?"

बंकटने किल्ली खिशात घातली. ऋतुजाने तोंड फिरवलं.

"मंग तुमीच काढलीय सगळी," मंगल म्हणाली आणि तिने हवेचा पाइप ओढला. बंकटने तो मधेच धरला.

"साधी नको. मिसळली की सगळी नासंल."

"नासायला दूध हाय का? साध्या हवेत बी चारातले तीन हिस्से नायट्रोजनच असतोय. तुमी भरला ते वाईट न्हाई, जरा दमानं उतरतोय, एवढंच. पण कमी हवेवर टायर तापतो आन् फुटतो. हवा कसली बी असू द्या, मोजायची असती."

बंकटने पाइप सोडला. कंप्रेसर धडधडत राहिला. बंकट चाकापाशी खाली बसला.

"त्या दिशी मोजली न्हवती," तो म्हणाला. "हिची आई म्हणली होती, चाक बसल्यावानी दिसतंय. मी म्हणलं, तेलगावात बघू."

"कवा?" मंगलने विचारलं.

ऋतुजाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वर्षभर ती उन्हाला बोल लावत आली होती.

मंगलने हवा भरली आणि टोपण बसवून ती दुकानात गेली. बंकट उठला, पण गाडीच्या दारापर्यंत गेला नाही.

"तू एसटीनं जा, ऋतू," तो म्हणाला. "मी येतो मागून."

ऋतुजा खाली उतरली. तिने तांब्या दुकानाच्या ओट्यावर ठेवला. मग गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आली, पुढचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर बसली. पट्टा ओढून तिने पोटाखालून नीट लावून घेतला.

"आबा," ती समोर बघत म्हणाली, "त्या बाईकडून एक गेज इकत घ्या. आन् मंग चला."