पेन्सिलची फुली

थंडी सरत आली की पट्टीमास्तरांच्या व्हरांड्यात खुर्च्या कमी पडू लागत. मग कोणी पायरीवर टेकायचं, कोणी कठड्याला पाठ लावून उभं राहायचं, आणि जो तो हातातला फॉर्म पंख्यासारखा हलवत आपला नंबर यायची वाट बघायचा.

पट्टीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सैन्यात बावीस वर्षं जखमांना पट्ट्या बांधण्यात आणि स्ट्रेचर खांद्यावर घेण्यात गेली, म्हणून निवृत्त सैनिकांच्या त्या वसाहतीत हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. अक्षर सुरेख, स्वभाव शांत. त्यामुळे पेन्शनरांच्या आरोग्य योजनेचा फॉर्म भरायचा तो मास्तरांकडूनच, असा वसाहतीचा शिरस्ता पडला होता.

"मास्तर, यंदा पुन्हा हप्ता चढवलाय बघा!" रणगाडेवाला खुर्चीत बसायच्या आधीच ओरडला. जन्मभर रणगाडा चालवलेला माणूस. घरातसुद्धा तो इंजिनाच्या वरताण आवाजात बोलायचा. "आपण लढाईत मेलो नाही, त्याचा राग काढतायत की काय?"

व्हरांडा खदखदून हसला. मास्तरांनी चष्मा पुसला.

"मग? मागच्यासारखंच ना?"

"मागच्यासारखंच. आमच्या हिचं इंजिन दणकट आहे हो. वीस वर्षांत गॅरेजचं तोंड पाहिलं नाही तिनं."

फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एकीत 'स्वतः', दुसरीत 'स्वतः व जोडीदार'. दुसरीचा हप्ता जवळजवळ दुप्पट. मास्तरांनी पहिल्या चौकटीत खूण केली आणि पान उलटलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'जोडीदाराचे नाव वगळण्यास माझी संमती आहे.' त्याखालच्या रेघेशेजारी त्यांनी पेन्सिलीने एक लहानशी फुली मारली.

"वहिनींची सही इथे. फुली मारलीय, चुकायच्या नाहीत."

चार वर्षांपूर्वी हप्ता एकदम वाढला, तेव्हा ही फुली पहिल्यांदा उमटली होती ती मास्तरांच्या स्वतःच्या फॉर्मवर. सहज बोलता बोलता त्यांनी ते एकाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला. कोणी सभा भरवली नाही, कोणी ठराव केला नाही. वाईट चाली अशाच पडतात, पाऊलवाटेसारख्या. एक जण आडवा चालतो, बाकीचे मागून जातात, आणि गवत कुणी तुडवलं ते कुणालाच आठवत नाही. आता वसाहतीतल्या अकरा घरांत कार्ड एकट्या पुरुषाचं होतं. बारावं घर मास्तरांचं.

आतून चहाचा ट्रे घेऊन मास्तरांची बायको आली. स्वयंपाकघरातून बाहेर यायला तीनच पायऱ्या, पण तिसरीवर ती थबकली आणि तिने चौकटीला हात टेकला.

"काय झालं गं?"

"काही नाही. कप पुरतील का ते बघत होते."

कप पुरत होते. मास्तरांनी मान खाली घातली आणि पुढचा फॉर्म ओढला. पण मान खाली घातली म्हणून डोळे थोडेच मिटतात? तिच्या सपातेचा पट्टा पायात रुतला होता, आणि पट्ट्याच्या वर घोट्याची सूज तटतटून आली होती. तिथे अंगठा दाबला तर खळगा पडेल आणि बराच वेळ भरून येणार नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नव्या पोरांना त्यांनीच ते शिकवलं होतं. त्यांनी अंगठा दाबून पाहिला नाही, इतकंच.

ही सूज काल-परवाची नव्हती. रोज सकाळी अंथरुणं घडी घालायचं काम मास्तरांचं, सैन्यातली सवय. तिच्या डोक्याशी पूर्वी एक उशी असे. मागच्या थंडीत दोन झाल्या. आता तीन होत्या.

"तीन उशा कशाला?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"दबल्यात हो. तीन घेतल्या की एकीची उंची होते."

आडवं झालं की जीव घाबरा होणारी माणसं उशा वाढवत जातात, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी बाजारात जाऊन त्यांनी काय आणलं, तर नवा कापूस. उशा पुन्हा भरल्या. आठवडाभरात त्या तीनच्या तीन पुन्हा तिच्या डोक्याशी होत्या.

आणि तिचं गाणं. कपडे वाळत घालताना ती नेहमी दोन ओळी म्हणायची, स्वतःच रचलेल्या, मास्तर सीमेवर असतानाच्या दिवसांतल्या:

वाटेच्या वाटसरा, हळू टाक रे पाऊल,
घरधन्याची माझ्या मला लागू दे चाहूल.

पूर्वी दोन्ही ओळी एका दमात यायच्या. मग पहिल्या ओळीनंतर ती थांबू लागली. पुढे 'हळू टाक रे'पाशीच श्वास संपायचा आणि ओला टॉवेल हातात धरून ती नुसती उभी राहायची. मास्तर खिडकीतून बघायचे. मग रेडिओचा आवाज थोडा वाढवायचे.

ज्या माणसाने मांडीत गोळी घुसलेला जवान डोंगर उतरून खाली आणला, वाटेत एकदाही त्याचं नाव कुठल्या यादीत आहे विचारलं नाही, तोच माणूस घरात रेडिओचा आवाज वाढवत होता. कारण सूज मान्य केली तर दवाखाना आला. दवाखाना आला तर कार्ड आलं. आणि कार्ड आलं की फुली आली.

फॉर्मांची गडबड संपली त्याच आठवड्यात एका सकाळी दोरीवर चादर टाकता टाकता ती खाली बसली. पडली नाही, बसली, जशी दमलेली बाई बसते. ओठ निळसर झाले होते.

योजनेच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने कार्ड यंत्रात सरकवलं आणि कपाळाला आठी घातली.

"काका, या कार्डावर फक्त तुमचं नाव आहे."

"बघा ना नीट. असेल."

"नाही ना. चार वर्षांपूर्वीच कमी केलंय. संमतीची सही आहे, हे बघा."

तिने पडदा वळवला. त्यावर कागदाची छबी होती, बायकोची गोलसर अक्षरातली सही, आणि शेजारी पुसट, पण पुसली न गेलेली, पेन्सिलची फुली. मागे चाकांच्या खुर्चीत बायको बसली होती. रांगेतली माणसं वळून बघत होती.

"यांच्या नकळत केलं का हे?" मुलीने हळू आवाजात विचारलं. "तसं असेल तर तक्रार करता येते."

बोलली ती बायको, एकेक शब्द श्वासावर तोलून.

"नकळत नाही, बाळ. मी वाचून... सही केली होती."

तिथून सरकारी इस्पितळ रस्ता ओलांडून होतं. मास्तरांनी खुर्ची ढकलत नेली. फाटकापाशी ते थांबले, तिच्यासमोर येऊन वाकले.

"तुला माहीत होतं?"

"अहो, फरशीवर अंथरलेला जुना पेपरही वाचल्याशिवाय... सोडत नाही मी. सहीचा कागद सोडेन?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." ती दमली, पुन्हा बोलली. "त्याच महिन्यात शाल आणलीत माझ्यासाठी. तेव्हाच कळलं, कुठल्या पैशातली ते. म्हटलं, आज सांगतील. उद्या सांगतील."

ती शाल चार वर्षं कपाटात कागदाच्या घडीत होती. 'जपून ठेवलीय,' ती म्हणायची, आणि मास्तर ते खरं मानायचे, कारण ते मानणं सोयीचं होतं.

"आणि दम लागायला लागला तेव्हा तरी?"

"तेव्हा दवाखान्यात आले असते... तर कार्ड मागितलं असतं. चार लोकांत तुमची मान खाली गेली असती. आज गेलीच ना?"

त्या वाक्यात राग असता तर बरं झालं असतं. पण नव्हता. भिजलेल्या पोराचं डोकं पुसताना बोलावं तसं ती बोलली, आणि मास्तरांना तेच सोसवेना.

आत तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. तो बराच वेळ भरून आला नाही.

"हा त्रास कधीपासून आहे?"

"हल्लीच..." बायको म्हणाली.

"चौदा महिने," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "नक्की?"

"आधी एक उशी. गेल्या थंडीत दोन. आता तीन. घोटा संध्याकाळी जास्त सुजतो. मी सैन्यात हेच काम करत होतो, बाई. मला सगळं दिसत होतं."

"मग आणलं का नाही?"

उत्तर अगदी सोपं होतं. एका फुलीएवढं. मास्तरांनी ते दिलं, आणि देताना बायकोकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही.

हृदयाची झडप बिघडली होती. वर्षभर आधी आणलं असतं तर नीट करता आली असती. आता हृदयच थकलं होतं. गोळ्यांवर चालवायचं, जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. मास्तरांनी तिचं नाव योजनेत परत घालायचा अर्ज केला. उत्तर आलं, नाव घेता येईल, पण आधीपासूनचा आजार धरला जाणार नाही. त्यांनी तरीही पूर्ण हप्ता भरला. त्या कार्डावर आता दोघांची नावं होती, आणि ज्याची गरज होती तेवढं सोडून सगळं होतं.

तिचे दिवस आता खिडकीशी खुर्चीत जाऊ लागले. कपडे मास्तर वाळत घालत. ती आतून सांगायची, "अहो, शर्ट उलटा घाला, रंग उडतो." गाणं मात्र तिने पुन्हा म्हटलं नाही. एकदा चिमटे लावता लावता मास्तरांनीच 'वाटेच्या वाटसरा' म्हणायला सुरुवात केली, पण 'चाहूल' या शब्दापाशी थांबून त्यांनी पुढचा चिमटा लावला.

पुन्हा थंडी सरत आली. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या, पण या वेळी मास्तरांनी पेन्सिल बाहेर आणलीच नाही.

"फॉर्म भरून देतो," ते म्हणाले. "पण मागचं पान वहिनींसमोर मोठ्याने वाचणार. सही करायची की नाही ते त्या ठरवतील."

कुणी घसा साफ केला, कुणी घड्याळ पाहिलं. रणगाडेवाला उसळला.

"म्हणजे आमच्या घरात भांडणं लावणार तुम्ही? तुमच्या घरी झालं ते वाईट झालं, मास्तर, पण पेन्शन आमची कुठे वाढलीय? दुप्पट हप्ता भरून खायचं काय?"

"तो हप्ता चढवणाऱ्यांच्या दारात मी तुझ्याबरोबर येतो. अर्ज लिहितो, पहिली सही माझी. पण ते होईपर्यंत कुणाचं नाव खोडायचं, हे तू आणि मी व्हरांड्यात बसून ठरवायचं नाही."

"मग मी दुसऱ्याकडून भरून घेतो!"

तो फॉर्म उचलायला वळला, तर फॉर्मवर एक हात होता. त्याची बायको भाजीची पिशवी घेऊन फाटकातून कधी आत आली, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कागद राहू दे इथंच," ती म्हणाली.

"अगं, तुला त्यातलं काय—"

"तू घरी जा. पिशवी ने. दूध तापवायचंय."

रणगाडेवाला पिशवी घेऊन दोन पावलं गेला आणि फाटकाशीच उभा राहिला. ती खुर्चीत बसली. मास्तरांनी मागचं पान वाचलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. तिने पुढे वाकून एका शब्दावर बोट ठेवलं.

"जोडीदार म्हणजे मी?"

"हो, वहिनी."

"आणि इतकी वर्षं मी यात कुठे होते?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. आतली खुर्ची किंचित करकरली. त्यांची बायको ऐकत होती.

"नव्हता तुम्ही," मास्तर म्हणाले. "मी काढलं होतं तुम्हाला. तुमच्या सहीशेजारची ती फुली माझी."

मग तिने पान परत पुढच्या बाजूला उलटलं, दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे खूण करा. शाईनं."

मास्तरांनी पेनचं टोपण काढलं. अजून दहा घरं बाकी होती.